संघ खाली घसरला, मुलगा शिकायला चालला: सीझन तिकीट रिन्यू करावं का?

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. स्वतःचं आणि मुलाचं अशी फुटबॉलची शेजारशेजारची दोन सीझन तिकिटं (हंगामभरातले घरच्या मैदानावरचे लीगचे सगळे सामने एकाच ठरलेल्या खुर्चीवरून बघायची) ते बरीच वर्षं घेत आले आहेत. यंदा त्यांचा क्लब सर्वांत वरच्या प्रीमियर लीगमधून तिच्या खालच्या चॅम्पियनशिपमध्ये घसरला, तरी क्लबने दर कमी केलेले नाहीत. मुलगा नुकताच अठरा वर्षांचा झाला असून सप्टेंबरात दुसऱ्या शहरात विद्यापीठात जाणार आहे. गेल्या हंगामात स्वतः त्यांचेच बरेच सामने चुकले. रिन्यू करायची मुदत तीन आठवड्यांवर आली आहे आणि घरात एकमत होत नाही. 'सोडलं तर परत मिळेल का, आणि ठेवलं तर पैसे पाण्यात जातील का?' असं ते विचारतात.

मी एका क्लबच्या तिकीट ऑफिसात बरीच वर्षं नोकरी केली. आता चाहत्यांच्या संघटनेत याच प्रकारच्या प्रश्नांत लोकांना मदत करते. आधी उत्तर देऊन टाकते: तुमचं स्वतःचं तिकीट बहुधा ठेवावं, मुलाचं सोडावं. 'बहुधा' अशासाठी, की तुमच्या हजेरीचे आकडे माझ्यासमोर नाहीत. ते कसे काढायचे आणि कुठल्या आकड्याला माझं उत्तर बदलेल, ते खाली सांगते.

पहिली विनंती, 'संघ लगेच वर येईल का' हा प्रश्न या हिशेबातून काढून टाका. उन्हाळ्यात तिकीट ऑफिसच्या फोनवर निम्मं बोलणं याच विषयावर व्हायचं. नवा मॅनेजर कोण, कोणता खेळाडू विकला जाणार, पॅराशूट पेमेंटचे, म्हणजे खाली घसरलेल्या क्लबला प्रीमियर लीगकडून मिळणारे, पैसे किती येणार. हे सगळं बोलायला छान आहे, पण त्यावरून तिकिटाचा निर्णय घेता येत नाही. २०२१ च्या सप्टेंबरात नॉटिंगहॅम फॉरेस्ट चॅम्पियनशिपच्या तळाला होता. त्याच हंगामाच्या शेवटी, मे २०२२ मध्ये, वेम्बलीवर हडर्सफील्डला १-० हरवून तो २३ वर्षांनी प्रीमियर लीगमध्ये परतला. उलट ल्यूटन २०२४ मध्ये प्रीमियर लीगमधून उतरला, लोक म्हणाले वर्षभरात परत येईल, आणि २०२५ मध्ये तो आणखी एक पायरी खाली, लीग वनमध्ये गेला. आणि २०१५ च्या उन्हाळ्यात, नुकतंच चौदावं स्थान कसंबसं मिळवलेल्या लेस्टरचं तिकीट ज्यांनी कंटाळून सोडलं असेल, त्यांना पुढच्या मेमध्ये, लेस्टर थेट प्रीमियर लीग जिंकला तेव्हा, काय वाटलं असेल ते तुम्हीच समजू शकता. मे महिन्यात बसून पुढचा मे कोणालाच दिसत नाही. दिसतं ते एवढंच, की तुमचे स्वतःचे शनिवार आणि मंगळवार कसे जाणार आहेत.

म्हणून सुरुवात हजेरीपासून करा. क्लबच्या वेबसाइटवरच्या तुमच्या खात्यात बहुतेक ठिकाणी कोणत्या सामन्याला तुमचं तिकीट टर्नस्टाइलवर (प्रवेशाच्या फिरत्या फाटकावर) वाचलं गेलं याची नोंद दिसते. दिसत नसेल तर तिकीट ऑफिसला ईमेल करा, नोंद त्यांच्याकडे असतेच. ती समोर घ्या आणि प्रत्येक चुकलेल्या सामन्यासमोर कारण लिहा. मनातल्या मनात करू नका, कागदावर लिहा, कारण आठवण या बाबतीत फार फसवी असते. मी सांगितलं म्हणून ज्यांनी ज्यांनी ही नोंद काढली, त्यांतल्या बहुतेकांना आपण समजत होतो त्यापेक्षा कमी सामने पाहिले हे दिसलं.

कारणांचे प्रकार पडतील. काही सामने टीव्हीमुळे हलले आणि तुमची वेळ जमली नाही. काही वेळा ऑफिस, आजारपण, लग्नकार्य, सुट्टी. आणि काही वेळा तिकीट खिशात, दिवस मोकळा, तरीही गेला नाहीत. या शेवटच्या प्रकाराकडे नीट पाहा. घसरण पक्की झाल्यानंतर, एप्रिलमध्ये, पावसात, हरलेल्या संघाला बघायला जावंसं वाटलं नाही तर त्यात काही विशेष नाही. ते पुढच्या वर्षी आपोआप बदलू शकतं. पण ऑक्टोबरमध्ये, संघ बरा खेळत असताना, घरी बसणंच बरं वाटलं असेल, तर ती गोष्ट वेगळी आहे. तुमची आवड दुसरीकडे वळली असेल, थकवा असेल, काहीही असेल. तशा नोंदी चार-पाचपेक्षा जास्त निघाल्या तर माझा सल्ला बदलतो: एक वर्ष सोडा, हवे ते सामने सुटी तिकिटं काढून बघा.

आता पैशांचं गणित. प्रीमियर लीगमध्ये घरच्या मैदानावर १९ सामने असतात, चॅम्पियनशिपमध्ये २३. म्हणजे दर तोच ठेवला तरी एका सामन्याचा भाव खाली येतो, आणि क्लब पत्रात हेच ठळक अक्षरांत छापतो. पण तो भाव सगळे सामने बघणाऱ्याचा. समजा तिकीट ५७५ पौंडांचं आहे. २३ सामन्यांना भागलं तर २५ पौंड पडतात. तुम्ही १४ च सामन्यांना गेलात तर तोच भाव ४१ पौंडांवर जातो. सुटं तिकीट समजा सरासरी ३२ पौंडांना आणि ते घेण्यासाठी लागणारं वार्षिक सभासदत्व ३० पौंडांना. मग १४ सामन्यांचे ४७८ पौंड होतात, म्हणजे सीझन तिकिटापेक्षा जवळपास शंभर पौंड कमी. या आकड्यांत तराजू १७ सामन्यांवर बरोबरीत येतो. १८ वा सामना पाहिलात की सीझन तिकीट स्वस्त. तुमच्या क्लबचे खरे दर घालून हीच वजाबाकी-भागाकार करा. सुट्या तिकिटांत बड्या प्रतिस्पर्ध्यांचे सामने महाग असतात आणि तुम्ही नेमके तेच बघायला जाणार, हे विसरू नका. सरासरी काढताना तुम्ही खरोखर जाल त्या सामन्यांचीच काढा.

इथे एक गोष्ट प्रीमियर लीगमधून उतरलेल्या चाहत्यांच्या लक्षात येत नाही. वर असताना तुम्हाला जमत नसलेला सामना क्लबच्या तिकीट एक्स्चेंजवर टाकला की तो विकला जायचा आणि तिकिटाच्या एकोणिसाव्या हिश्श्याएवढे पैसे तुमच्या खात्यात जमा व्हायचे. त्यामुळे चुकलेल्या सामन्यांचा फारसा फटका बसत नव्हता. पण पुष्कळ क्लबांत एक्स्चेंज तेव्हाच उघडतं, जेव्हा मैदानाची बाकीची तिकिटं संपलेली असतात. चॅम्पियनशिपमध्ये, मंगळवारी रात्री, तळातल्या संघाविरुद्ध, मैदान भरत नाही. क्लब आधी स्वतःच्या रिकाम्या खुर्च्या विकणार, मग तुमची. म्हणून येत्या वर्षीच्या हिशेबात एक्स्चेंजचं उत्पन्न शून्य धरा. मिळालं तर चांगलंच.

मंगळवारचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडं थांबते, कारण चॅम्पियनशिपमध्ये माणसं इथेच अडकतात. २४ संघ, ४६ सामने, आणि आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि मार्चमध्ये लीग थांबते. उरलेल्या आठवड्यांत एवढे सामने बसवायचे म्हणजे आठवड्याच्या मध्ये खेळावंच लागतं. घरच्या २३ पैकी कितीतरी सामने मंगळवारी किंवा बुधवारी रात्री पावणेआठ-आठच्या सुमारास सुरू होतात आणि संपायला पावणेदहा होतात. मैदानापासून तुमचं घर किती लांब आहे, शेवटची ट्रेन कधीची, दुसऱ्या दिवशी किती वाजता उठायचं, हे प्रश्न साधे वाटतात, पण फेब्रुवारीत निर्णय तेच घेतात. आजवर प्रीमियर लीगमध्ये तुमचं वर्ष मुख्यतः शनिवार-रविवारचं होतं. आता ते तसं राहणार नाही. हजेरीच्या कागदावर गेल्या हंगामातले मधल्या वारांचे सामने वेगळे काढा. त्यांतल्या निम्म्यांनाही गेला नसाल, तर येत्या वर्षीही तुम्ही जाणार नाही असंच धरून चाला.

टीव्हीचाही हिशेब ठेवा. २०२४-२५ पासूनच्या नव्या करारात स्काय ही टीव्ही कंपनी दर हंगामात इएफएलचे, म्हणजे चॅम्पियनशिप आणि तिच्या खालच्या दोन लीगचे, हजाराहून जास्त सामने दाखवते. शनिवारी दुपारी तीनच्या सामन्यांवर इंग्लंडमध्ये थेट प्रक्षेपणाची बंदी असल्यामुळे टीव्हीवरचे सामने साडेबाराला, शुक्रवारी रात्री, रविवारी असे सरकवले जातात. लांबून गाडी चालवत येणाऱ्यांना शनिवारी साडेबाराचा सामना फार त्रासाचा. यात बरी बाजू एवढीच, की हंगामाच्या पहिल्या भागातले टीव्हीचे सामने पूर्वीपेक्षा बरेच आधी जाहीर होतात. पण रिन्यू करायची मुदत त्याच्याही आधी संपते. वेळापत्रक जूनच्या शेवटी येतं, म्हणजे तारखा न बघता पैसे भरायचे. हे मला कधीच पटलेलं नाही, आणि क्लबसोबतच्या बैठकांत आमची संघटना हा मुद्दा दर वर्षी मांडते.

आता तुमचा खरा घोर: सोडलं तर परत मिळेल का?

हे क्लबच्या वेटिंग लिस्टवर अवलंबून आहे. आर्सेनल किंवा लिव्हरपूलचं तिकीट एकदा हातचं गेलं तर परत मिळायला वर्षानुवर्षं जातात. तिथल्या माणसाने विचारलं असतं तर मी हजेरीचं गणित थोडं बाजूला ठेवून 'सोडू नका' म्हटलं असतं. तुमचं तसं नाही. क्लब खाली घसरला त्या उन्हाळ्यात यादीतली बरीच नावं गळतात. ज्यांना फक्त मोठे संघ बघायचे होते ते जातात, काहींचं तुमच्यासारखं घरचं चित्र बदलतं. या एका वर्षी मैदानात कुठेतरी खुर्ची मिळणं सोपं असतं. क्लबचं पत्र 'तुमची जागा कायमची जाईल' असं सांगतं ते शब्दशः खरं आहे, पण जाते ती ती खुर्ची. मैदानात बसायचा हक्क जात नाही.

मात्र हे दार उघडं राहतं ते संघ खाली असेपर्यंतच. लीड्स युनायटेड २००४ मध्ये प्रीमियर लीगमधून उतरला. अनेक वर्षं त्यांच्या एलंड रोड मैदानावर जागा मिळायची. २०१८ मध्ये मार्सेलो बिएल्सा मॅनेजर म्हणून आले आणि वर्ष-दोन वर्षांत तिथे सीझन तिकिटांसाठी रांग लागली. जे लोक वाईट दिवसांत तिकीट धरून बसले होते त्यांना काही करावं लागलं नाही. आणि नशीब बघा, जुलै २०२० मध्ये सोळा वर्षांनी वर जायचं नक्की झालं तेव्हा कोविडमुळे मैदानं रिकामी होती.

म्हणजे एक वर्ष सोडण्यात धोका थोडा आहे, तीन-चार वर्षं सोडण्यात मोठा. एक वर्षाने परत यायचं असेल तर तुमचं सभासदत्व चालू ठेवा. बऱ्याच क्लबांत रांगेतला नंबर आणि मागच्या खरेदीचे लॉयल्टी पॉइंट त्या सभासदत्वाला जोडलेले असतात. ते तुटलं तर नव्या माणसासारखी सुरुवात करावी लागते.

पण खुर्ची म्हणजे नुसती खुर्ची नाही हेही मला मान्य आहे. तिकीट ऑफिसात असताना दरावरून भांडणारे लोक मी पाहिले, पण रडवेले झालेले पाहिले ते रांग बदलली म्हणून. पुढच्या रांगेतला माणूस, ज्याचं पूर्ण नाव तुम्हाला माहीत नाही पण ज्याच्या मुलीच्या परीक्षेचा निकाल माहीत आहे. डावीकडचे आजोबा, जे गोल झाला की आधी तुमच्या मुलाला मिठी मारायचे आणि मग स्वतःच्या मुलाला. एकत्र बसून दहा-बारा वर्षांत हे नातं तयार होतं आणि त्याला मैदानाबाहेर पत्ता नसतो. वेस्ट हॅम २०१६ मध्ये बोलिन ग्राउंड सोडून लंडन स्टेडियमवर गेला तेव्हा अशा कित्येक रांगा विस्कटल्या. लोक पुढे वर्षानुवर्षं त्याबद्दल बोलत राहिले, आणि त्यांच्या बोलण्यात खेळपट्टीपासूनच्या अंतराइतकीच जुने शेजारी हरवल्याची खंत होती.

म्हणून हा सल्ला मी मनापासून देते: निर्णयाआधी शेजाऱ्यांना विचारा. हंगाम संपला असला तरी कुणाचा ना कुणाचा नंबर असेलच. ते रिन्यू करणार आहेत का? तुमच्या आजूबाजूचे चौघे राहणार असतील तर तुमच्या खुर्चीची किंमत माझ्या वरच्या भागाकारात मावणारी नाही, आणि पन्नास-शंभर पौंड जास्त पडले तरी ते वाया गेले असं मी म्हणणार नाही. पण त्यांतले तिघे सोडणार असतील तर ज्या जागेसाठी तुम्ही जीव टाकताय ती जागा पुढच्या वर्षी तशी असणारच नाही. मग तुम्ही मोकळेपणाने स्टँड बदलू शकता, स्वस्त कोपऱ्यात जाऊ शकता, नाहीतर सुटी तिकिटं घेऊ शकता. चौघांनी मिळून ठरवलं तर आणखी चांगलं. मुदत संपल्यावर बहुतेक क्लब जागा बदलायची एक खिडकी उघडतात, तेव्हा एकाच रांगेत चार खुर्च्या मागता येतात.

सुंदरलंडचं उदाहरण मला या बाबतीत फार बोलकं वाटतं. २०१७ मध्ये प्रीमियर लीगमधून, २०१८ मध्ये चॅम्पियनशिपमधून, सलग दोनदा घसरण. आणि त्याच २०१८ च्या बॉक्सिंग डेला (२६ डिसेंबरला), लीग वनमधल्या ब्रॅडफर्ड सिटीविरुद्धच्या सामन्याला ४६,०३९ माणसं आली. ती माणसं लीग वनच्या खेळाच्या दर्जासाठी आली नव्हती. २०२५ मध्ये तो क्लब पुन्हा प्रीमियर लीगमध्ये गेला, पण मधली आठ वर्षं तिथे बसलेल्यांना कोणी तसं वचन दिलेलं नव्हतं.

मुलाच्या तिकिटाबद्दल मात्र मला फारशी शंका नाही. विद्यापीठाचं वर्ष साधारण सप्टेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत, मग जानेवारी ते मार्च, आणि ईस्टरनंतर परीक्षा. तो घरी असेल ऑगस्ट-सप्टेंबरात, नाताळात आणि ईस्टरला. त्या काळात घरच्या मैदानावर सात-आठ सामने मिळाले तरी पुष्कळ. शिवाय तो अठराचा झाला. क्लब वयाचे गट एका ठरलेल्या तारखेनुसार लावतात, आणि अठरा पूर्ण झाली की लहान मुलांचा दर संपतो. कुठे १८ ते २१ असा मधला गट असतो, कुठे थेट मोठ्यांचा दर लागतो. क्लबकडून आलेल्या पत्रात कोणता दर लावला आहे ते नीट बघा. जुना दर गृहीत धरून हप्ते सुरू करणारे आणि मग फरक भरायला लागणारे पालक दर वर्षी भेटतात.

'तो नसेल तेव्हा त्याचं तिकीट कुणाला तरी देऊ' असं तुम्ही म्हणाल. मोबाइलवरची तिकिटं आली तेव्हापासून नातेवाइकाला किंवा मित्राला एका सामन्यापुरतं तिकीट फॉरवर्ड करणं सोपं आहे, पण किती वेळा आणि कुणाला यावर क्लबांचे नियम आहेत. सवलतीच्या दराचं तिकीट मोठ्या माणसाने वापरायचं असेल तर वरचा फरक भरावा लागतो. आणि पैसे घेऊन अनोळखी माणसाला विकायचा विचार अजिबात करू नका. इंग्लंडमध्ये क्लबच्या परवानगीशिवाय फुटबॉलचं तिकीट विकणं हा १९९४ च्या क्रिमिनल जस्टिस अँड पब्लिक ऑर्डर अॅक्टखाली गुन्हा आहे. छापील किमतीला विकलं म्हणून सुटका नाही. तिकीट तर रद्द होतंच, वर तुमच्या नावावर बंदी येऊ शकते, म्हणजे मुलाच्या तिकिटापायी तुमचं जायचं.

त्याचं सभासदत्व तेवढं चालू ठेवा. तो सुट्टीत आला की सुटं तिकीट काढा. शेजारची खुर्ची मिळणार नाही कदाचित, पण चॅम्पियनशिपमध्ये त्याच स्टँडमध्ये दोघांना एकत्र बसायला जागा मिळणं अवघड नाही. तुम्ही त्या एका दिवसापुरते तुमची खुर्ची सोडून त्याच्यासोबत दुसरीकडे बसलात तरी स्टुअर्ड रिकाम्या मैदानात सहसा अडवत नाहीत. विद्यापीठाच्या गावातून तो बाहेरचे सामने बघू शकेल का तेही बघा. मुलं दूर गेल्यावर अवे मॅचला बापलेक भेटतात, असं मी पुष्कळ घरांत पाहिलंय. फक्त एक लक्षात ठेवा: पाहुण्या प्रेक्षकांसाठीची ३० पौंडांची कमाल मर्यादा प्रीमियर लीगची आहे, २०१६-१७ पासूनची. चॅम्पियनशिपला ती लागू नाही, त्यामुळे काही मैदानांवर अवे तिकीट महाग पडेल.

घरात एकमत होत नाही असं तुम्ही लिहिलंत. आक्षेप पैशावर आहे की शनिवारवर, हे एकदा स्पष्ट विचारा. पैशावर असेल तर मुलाचं तिकीट सोडल्याने बराचसा प्रश्न सुटतो. शनिवारवर असेल तर कितीही सवलत मिळाली तरी सुटणार नाही. मुलगा घरातून गेल्यावरचं पहिलं वर्ष दोघांनाही जड जातं. तुम्ही त्याच वर्षी २३ दिवस आणि रात्री मैदानावर आणि दुसरं माणूस एकटं घरी, हे त्यांना खुपत असेल तर ते रास्त आहे. अशा वेळी अर्ध्या हंगामाचं किंवा ठरावीक सामन्यांचं पॅकेज काही क्लब विकतात, ते तुमच्याकडे आहे का विचारा.

पैसे भरण्याबद्दल थोडक्यात. हप्त्यांची सोय बहुतेक ठिकाणी असते, पण ती क्लबची आहे की एखाद्या फायनान्स कंपनीची, आणि एकूण किती जास्त भरावे लागतात, ते सही करण्याआधी वाचा. शक्य असेल तर निदान काही रक्कम क्रेडिट कार्डाने भरा. १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट अॅक्टच्या ७५ व्या कलमाखाली १०० पौंडांपेक्षा जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंतच्या वस्तू-सेवेसाठी विक्रेत्यासोबत कार्ड कंपनीही जबाबदार राहते. क्लब बुडतो कुठे असं वाटेल, पण ऑगस्ट २०१९ मध्ये, हंगाम सुरू झाल्यावर, १८८५ साली स्थापन झालेल्या 'बरी' (Bury) या क्लबला आर्थिक घोळामुळे इएफएलमधून काढून टाकलं. लोकांच्या हातात सीझन तिकिटं होती आणि बघायला सामने नव्हते. २०२५ च्या फुटबॉल गव्हर्नन्स कायद्याने आता स्वतंत्र नियामक आला आहे, पण तुमच्या कार्डाचं संरक्षण तुम्ही स्वतः घ्या.

कप सामन्यांसाठी (लीगबाहेरच्या बाद पद्धतीच्या स्पर्धांसाठी) 'ऑटोमॅटिक' असा एक चौकोन फॉर्ममध्ये असतो. तो निवडला की प्रत्येक घरच्या कप सामन्याचे पैसे आपोआप कापले जातात. नको असेल तर आत्ताच खूण काढा.

राहिला रागाचा मुद्दा. संघ खाली आणला आणि दर तेच ठेवले, म्हणून निषेध म्हणून रिन्यू करणार नाही, असं तुमच्या पत्रात एक वाक्य आहे. राग बरोबर आहे. पण एकट्याने गुपचूप सोडलेलं तिकीट क्लबच्या कागदावर 'रिन्यू केलं नाही' एवढ्या एका ओळीत संपतं, का सोडलं ते कुणी वाचत नाही. एकत्र केलेल्या गोष्टीची ताकद वेगळी असते. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूलने सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचं करायचं ठरवलं, तेव्हा सुंदरलंडविरुद्धच्या सामन्यात ७७ व्या मिनिटाला सुमारे दहा हजार माणसं उठून बाहेर गेली. काही दिवसांतच मालकांनी तो बेत मागे घेतला आणि दर गोठवले. ती माणसं मैदानात होती म्हणूनच त्यांचं उठून जाणं दिसलं. सोडायचंच असेल तर तेही एकत्र आणि ठाम करता येतं: २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड विकत घेतल्यावर ज्या चाहत्यांना ते सहनच झालं नाही, त्यांनी तिकिटं सोडून एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःचा क्लब उभा केला. तुमच्या क्लबची चाहत्यांची संघटना असेलच. सभासद व्हा, आणि तिकीट ठेवा किंवा सोडा, कारण लेखी कळवा.

येत्या आठवड्यात तिकीट ऑफिसला एक ईमेल पाठवा आणि त्यात हे विचारा. माझी गेल्या हंगामाची हजेरी किती? माझ्या स्टँडची सध्या वेटिंग लिस्ट आहे का, आणि सभासदत्व ठेवून एक वर्ष थांबलो तर रांगेत माझं स्थान काय राहील? एक्स्चेंज सामना सोल्ड आउट नसतानाही उघडणार का? मुलाला कोणता वयोगट लागणार? दोनपैकी एकच तिकीट रिन्यू केलं तर माझी जागा तीच राहील का? शेवटचा प्रश्न विसरू नका. दोन तिकिटं एकाच खात्यात जोडलेली असतात तेव्हा एक सोडताना चुकून दोन्ही सुटल्याची उदाहरणं मी काउंटरवर पाहिली आहेत, आणि मुदत संपल्यावर ती खुर्ची परत आणणं फार कटकटीचं होतं. उत्तर लेखी आलं की मगच ऑनलाइन फॉर्म भरा, आणि मुलाच्या नावासमोरची खूण काढताना वरचं नाव तुमचंच आहे ना, एवढं बघून घ्या.